डोळा उघडला, तरी पाहणे शिकावे लागते

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शास्त्रीय विषयावर एखादा सुबोध लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा विषयासाठी फार शोधाशोध करावी लागली नाही. ट्रस्टच्या कार्यात नेत्रशिबिरांना पहिल्यापासून मानाचे स्थान आहे. शिबिरातून चष्मा घालून परतणारे आजोबा आणि आजी आपण सर्वांनी पाहिले आहेत. परंतु डोळ्यावरील पडदा दूर झाला म्हणजे माणूस पाहू लागला, इतके हे प्रकरण सरळ आहे काय? वृद्धापकाळी मोतीबिंदू झालेल्या माणसापुरते ते बहुतेक सरळ आहे. पण जो जन्मापासूनच अंध आहे, ज्याने आईचा चेहराही कधी पाहिला नाही, त्याचा पडदा दहाव्या किंवा पंधराव्या वर्षी दूर केला तर पट्टी सोडताच त्याला काय दिसेल? या प्रश्नाने विद्वानांना तीनशे वर्षांहून अधिक काळ कोड्यात टाकले होते. त्याचे निःसंदिग्ध उत्तर अलीकडे मिळाले आणि ते आपल्याच देशात, दिल्लीच्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात मिळाले. त्या संशोधनाची हकिकत सांगावी आणि तिच्यातून आपल्यासारख्या संस्थांनी व कुटुंबांनी काय घ्यावे हे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

डोळ्याचे काम कोठे संपते?

शाळेत आपण शिकतो की डोळा हा कॅमेऱ्यासारखा आहे. पुढे भिंग, मागे पडदा. वस्तूवरून येणारा प्रकाश भिंगातून आत जातो आणि मागच्या दृष्टिपटलावर वस्तूची उलटी प्रतिमा उमटते. हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. कॅमेऱ्यातील छायाचित्र पाहण्यासाठी बाहेर एक माणूस असतो. डोळ्यातील चित्र पाहण्यासाठी आत दुसरा माणूस बसलेला नाही. मग ते चित्र पाहतो कोण?

दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडाकृती पेशींची संख्या सुमारे १२ कोटी आहे. रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे ६० लाख आहेत. परंतु डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या ज्ञानतंतूच्या जुडग्यात जेमतेम १० ते १२ लाख तंतू असतात. म्हणजे कोट्यवधी पेशींनी टिपलेला मजकूर डोळ्यातच गाळून, संक्षिप्त करून, तारेच्या संदेशासारखा पुढे पाठविला जातो. वाटेत दोन्ही डोळ्यांचे निम्मे निम्मे तंतू एकमेकांस ओलांडतात. त्यामुळे समोरच्या देखाव्याचा डावा अर्धा भाग मेंदूच्या उजव्या बाजूस आणि उजवा अर्धा भाग डाव्या बाजूस पोहोचतो. हे संदेश मुख्यतः डोक्याच्या मागील बाजूस, मानेच्या वर असलेल्या मेंदूच्या भागात जातात. तेथे कडा, रेषा, हालचाल, रंग यांची छाननी होते आणि तेथून पुढे मेंदूच्या इतर भागांत वस्तू आणि चेहरे यांची ओळख पटते. डोक्याच्या मागील या भागास जबर मार बसला, तर डोळे शाबूत असूनही माणूस अंध होऊ शकतो.

मेंदू नुसते संदेश घेत नाही, तो त्यांत भरही घालतो. याचा पडताळा वाचकांनी घरी जरूर घ्यावा. पांढऱ्या कागदावर डावीकडे फुलीची एक खूण करा आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटर अंतरावर चण्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने केवळ फुलीकडे पाहत कागद हळूहळू जवळ आणा. कागद सुमारे ३० सेंटिमीटरवर आला, की ठिपका एकाएकी नाहीसा होतो. दृष्टिपटलातून ज्ञानतंतू जेथून बाहेर पडतात, तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. ठिपक्याची प्रतिमा नेमकी त्या जागी पडलेली असते. परंतु गंमत पुढेच आहे. ठिपक्याच्या जागी आपणांस भोक किंवा काळोख दिसत नाही, तेथे कोरा पांढरा कागद दिसतो! जी माहिती डोळ्याने दिलीच नाही, ती मेंदूने आजूबाजूच्या अंदाजाने भरून काढली. हे तो आयुष्यभर, क्षणोक्षणी करीत असतो आणि आपणांस त्याची वार्ताही नसते.

जुना प्रश्न

पाहण्यात बुद्धीचा वाटा असतो, हा विचार नवा नाही. बसरा येथे जन्मलेले आणि पुढे कैरोत राहिलेले इब्न अल-हैथम यांनी अकराव्या शतकाच्या आरंभी ‘किताब अल-मनाझिर’ हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडून वस्तूस स्पर्श करतात, असे युक्लिड आणि टॉलेमी मानीत. इब्न अल-हैथम यांनी सांगितले की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. इतकेच सांगून ते थांबले नाहीत. वस्तू ओळखताना मन पूर्वीच्या आठवणींशी ताडून निवाडा करते आणि हा निवाडा इतका झटपट होतो की आपणांस त्याचा पत्ता लागत नाही, असेही त्यांनी लिहून ठेवले. हा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातील प्रकाशविद्येचा पाया घालण्यास उपयोगी पडला. दृष्टिपटलावरील प्रतिमा उलटी असते, हे केप्लर यांनी १६०४ साली दाखविले.

१६८८ साली डब्लिनचे विल्यम मॉलिन्यू यांनी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्राने एक प्रश्न विचारला. मॉलिन्यू यांच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती; तेव्हा हा विषय त्यांना परका नव्हता. प्रश्न असा: एका जन्मांध माणसास घन आणि गोल या दोन वस्तू हाताने चाचपून ओळखता येतात. त्याला एकाएकी दृष्टी आली आणि त्या दोन वस्तू समोर मेजावर ठेवल्या, तर हात न लावता कोणता घन आणि कोणता गोल हे तो सांगू शकेल काय? मॉलिन्यू आणि लॉक या दोघांचेही उत्तर ‘नाही’ असे होते. लॉक यांनी हा प्रश्न १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापला आणि तेव्हापासून तो मॉलिन्यूचा प्रश्न म्हणून प्रसिद्ध झाला. जे ज्ञान बोटांना आहे, ते डोळ्यांना आपोआप मिळते, की प्रत्येक इंद्रियास आपापला धडा निराळा गिरवावा लागतो, हे या प्रश्नाचे मर्म आहे.

१७२८ साली लंडनचे शस्त्रवैद्य चेसल्डन यांनी सुमारे तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मोतीबिंदू काढल्यावर त्या मुलास सर्व वस्तू डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटत. मांजर कोणते आणि कुत्रा कोणता, हे तो पुनःपुन्हा विसरे. शेवटी एकदा त्याने मांजराला उचलून चाचपले, नीट न्याहाळले आणि आता पुन्हा तुला ओळखीन, अशा अर्थाचे काही तो त्यास म्हणाला.

त्यानंतरचे गाजलेले उदाहरण इंग्लंडमधील एस. बी. या गृहस्थांचे. त्यांची दृष्टी दहा महिन्यांचे असताना गेली आणि वयाच्या ५२ व्या वर्षी बुबुळाचे रोपण करून ती परत मिळाली. रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांनी त्यांचा अभ्यास करून १९६३ साली तो प्रसिद्ध केला. अंधशाळेत उठावाची मोठी इंग्रजी अक्षरे ते हाताने शिकले होते. ती त्यांना डोळ्यांनी लगेच वाचता आली. परंतु ज्या लेथ यंत्राविषयी त्यांना लहानपणापासून कुतूहल होते, ते काचेच्या पेटीत समोर असूनही त्यांना काही उमगेना. पेटी उघडून यंत्रावरून हात फिरविल्यावर मात्र ते दिसू लागल्याचे त्यांनी सांगितले. दृष्टीने त्यांना सुख दिले नाही. ते खिन्न झाले आणि १९६० साली वारले. अशा तुरळक उदाहरणांवरून प्रश्नाचा निकाल लागत नव्हता. एस. बी. यांनी दहा महिने जग पाहिलेले होते. चेसल्डनच्या मुलाची पद्धतशीर चाचणी झालेली नव्हती.

मांजरीची पिल्ले आणि नोबेल पारितोषिक

मधल्या काळात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल या दोन शास्त्रज्ञांनी मांजराच्या मेंदूत अतिसूक्ष्म तारा घालून एकेका पेशीचे काम तपासले. मेंदूच्या मागील भागातील पेशी नुसत्या उजेडाच्या ठिपक्याला फारशा दाद देत नाहीत; विशिष्ट दिशेला कललेली कड किंवा रेषा समोर आली की त्या जाग्या होतात, असे त्यांना आढळले. पुढे १९६३ साली त्यांनी दाखविले की पिल्लाचा एक डोळा जन्मानंतरचे पहिले तीन महिने शिवून ठेवला, तर नंतर तो उघडूनही मेंदूतील फारच थोड्या पेशी त्या डोळ्याला जुमानतात. उघड्या राहिलेल्या डोळ्याने त्यांची जागा घेतलेली असते. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ झाकला, तर मात्र असे नुकसान होत नाही. या कार्यासाठी दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

यावरून दृष्टी घडण्याचा एक नाजूक काळ असतो, हे सिद्ध झाले. परंतु या सिद्धांतातून पुष्कळांनी एक कठोर अनुमान काढले. जन्मांध मूल सहासात वर्षांचे झाले, की आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. त्याचा मेंदू पाहणे शिकणार नाही, असे समजले जाऊ लागले. आठदहा वर्षांच्या अंध मुलास घेऊन आलेल्या आईबापांस ‘आता उशीर झाला’ असे सांगून परत पाठविले जाई.

प्रकाश प्रकल्प

हे अनुमान तपासून पाहण्याचे श्रेय पवन सिन्हा यांना आहे. दिल्लीच्या आय.आय.टी.त संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेत एम.आय.टी. या विख्यात संस्थेत गेले आणि तेथेच दृष्टी व मेंदू या विषयाचे प्राध्यापक झाले. मेंदू पाहणे कसे शिकतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. पाश्चात्य देशांत जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बालकावर काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया होते. त्यामुळे मोठ्या वयाचा जन्मांध पण बरा होण्याजोगा रुग्ण तेथे क्वचितच आढळतो. भारतात आल्यावर सिन्हा यांना खेड्यांतून अशी मुले दिसली, ज्यांचे अंधत्व एका शस्त्रक्रियेने दूर झाले असते, पण जी तशीच वाढत होती. यातून ‘प्रोजेक्ट प्रकाश’ उभा राहिला. दिल्लीतील डॉ. श्रॉफ यांच्या धर्मादाय नेत्ररुग्णालयाच्या सहकार्याने खेडोपाडी मुलांची तपासणी करावयाची, बऱ्या होण्याजोग्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया करावयाची आणि ज्यांची संमती असेल, त्यांची दृष्टी कशी घडत जाते याचा अभ्यास करावयाचा, अशी ही योजना. सेवा आणि शास्त्र येथे हातात हात घालून चालतात.

मॉलिन्यूच्या प्रश्नाचा निकाल २०११ साली लागला. रिचर्ड हेल्ड, सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच मुलांची शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत परीक्षा घेतली. मुलांच्या खेळण्यातील ठोकळ्यांसारखे, पण आकाराने मोठे असे ठोकळे त्यांनी जोड्याजोड्यांनी तयार केले. प्रथम एक ठोकळा दाखवावयाचा, नंतर तो आणि दुसरा असे दोन पुढे करून ‘मघाचा कोणता?’ असे विचारावयाचे. हाताने चाचपलेला ठोकळा पुन्हा हातानेच ओळखण्यात मुलांची उत्तरे ९८ टक्के बरोबर आली. डोळ्याने पाहिलेला डोळ्याने ओळखण्यात ९२ टक्के. म्हणजे त्यांना दिसत होते, यात शंका नाही. परंतु हाताने चाचपलेला ठोकळा डोळ्याने ओळखावयास सांगितला, तेव्हा बरोबर उत्तरे ५८ टक्क्यांवर आली. दोनांपैकी एक निवडावयाचे असता नुसते अंदाजाने सांगितले तरी ५० टक्के बरोबर येतात. तेव्हा हे ५८ टक्के म्हणजे अंदाजच म्हणावयाचा. लॉक आणि मॉलिन्यू यांचे उत्तर खरे ठरले. हाताची विद्या डोळ्याला आयती मिळत नाही. पण या प्रयोगाचा खरा आनंददायक भाग पुढचा आहे. त्यांतील काही मुलांची फिरून परीक्षा घेतली, तेव्हा अवघ्या काही दिवसांत त्यांची उत्तरे पुष्कळच सुधारलेली आढळली. हात आणि डोळा यांची ओळख करून देण्यास मेंदूला फार काळ लागला नाही.

तुकड्यांचे जग

नव्याने दृष्टी आलेल्यास जग कसे दिसते, याची कल्पना एस. के. या बिहारी तरुणाच्या उदाहरणावरून येते. जन्मापासून त्याच्या डोळ्यांत भिंगेच नव्हती. वयाच्या २९ व्या वर्षी त्याला योग्य चष्मा मिळाला. एकावर एक सरकलेले दोन चौकोन त्याला दाखविले, तर तो दोन न सांगता तीन वस्तू सांगे. कारण दोन्ही चौकोन जेथे एकमेकांवर येतात, तो तुकडाही त्याला स्वतंत्र वस्तू वाटे. छायाचित्रातील प्रत्येक निराळ्या रंगाचा किंवा उजेडाचा भाग त्याच्या लेखी निराळी वस्तू होती. आपण अंगणात ठिपक्यांची रांगोळी पाहतो तेव्हा कमळ दिसते. त्याला जणू सुटे रंग आणि सुट्या रेषाच दिसत. परंतु तीच आकृती हालती करून दाखविली की तो ती बरोबर ओळखी. जे तुकडे एकत्र सरकतात, ते एकाच वस्तूचे असले पाहिजेत, हे त्याच्या मेंदूने धरले होते. दृष्टी आलेल्या आणखी दोन मुलांतही हेच आढळले. सुमारे दीड वर्षाने स्थिर चित्रेही एस. के. ला पुष्कळशी उमगू लागली. हालचाल ही मेंदूची पहिली शिक्षिका आहे, असा या संशोधनाचा निष्कर्ष आहे.

आणखी एका स्त्रीचे उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. जन्मजात मोतीबिंदूमुळे ती बारा वर्षे अंध होती. त्यानंतर शस्त्रक्रिया झाली. सुमारे वीस वर्षांनी संशोधकांनी तिची तपासणी केली, तेव्हा तिची नजर अधूच होती, बारीक अक्षर तिला दिसत नव्हते. पण वस्तू आणि चेहरे ओळखणे व इतर बरीचशी कामे ती चांगल्या रीतीने करू शकत होती. ‘उशीर झाला’ या शेऱ्यास हे जिवंत उत्तर होते.

तथापि सर्वच काही शिकावे लागते, असेही नव्हे. दोन सारख्या लांबीच्या रेषा काढून एकीच्या टोकांस आत वळलेले व दुसरीच्या टोकांस बाहेर फाकलेले बाण जोडले, तर त्या लहानमोठ्या दिसतात, हे चित्र बहुतेकांनी पाहिले असेल. घरांचे कोपरे आणि दूर जाणारे रस्ते पाहून पाहून हा भ्रम आपल्या अंगवळणी पडतो, असे पुष्कळांस वाटत होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नुकतीच दृष्टी आलेल्या नऊ मुलांना अशी चित्रे दाखविली. ज्यांनी रस्ता किंवा कोपरा कधी पाहिलाच नव्हता, ती मुलेही पहिल्याच फेरीत आपल्यासारखीच फसली! म्हणजे काही शिदोरी मेंदू जन्मतःच घेऊन येतो आणि काही त्याला जगात कमवावी लागते.

अंधुक नजरेचा लाभ

नवजात बालकाला फार अंधुक दिसते आणि रंगही नीट कळत नाहीत, हे वैद्यांना ठाऊक आहे. आजवर ही केवळ अपुरी वाढ समजली जाई. सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडले की हा अंधुकपणा उपकारक असावा. बारकावे दिसत नाहीत, म्हणून बाळाचा मेंदू नाकडोळ्यांचे सुटे तुकडे न पाहता सबंध चेहरा पाहावयास शिकतो. ज्या मुलाला उशिरा दृष्टी येते, त्याचा डोळा मात्र तोवर बराचसा वाढलेला असतो. ही पहिली अंधुक पायरी त्याच्या वाट्याला येत नाही.

रंगाच्या बाबतीतही असेच आढळले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उशिरा दृष्टी आलेल्या मुलांस रंगीत चित्रांतील वस्तू चांगल्या ओळखता आल्या, पण त्याच चित्रांतील रंग काढून टाकला तेव्हा ती फार चुकू लागली. जन्मापासून पाहणाऱ्या मुलांस या फरकाने विशेष अडले नाही. संगणकाच्या कृत्रिम जाळ्यास आधी बिनरंगी आणि मग रंगीत चित्रे शिकविली, तर ते दोन्ही प्रकारांत टिकाव धरते. आरंभापासून रंगीतच शिकविले तर रंग जाताच गडबडते. निसर्गाने मुळाक्षरे आधी आणि जोडाक्षरे मागून, असा क्रम लावून दिला आहे, असे आम्हा शिक्षकांच्या भाषेत म्हणता येईल.

या साऱ्याचा इत्यर्थ समजण्यास आपल्या सीमाभागातील मुलांचे उदाहरण पुरेसे आहे. येथील मूल घरी मराठी, दुकानात कानडी आणि मोहल्ल्यात उर्दू ऐकते आणि पाचव्या वर्षी तिन्ही भाषा सहज बोलते. तीच भाषा चाळिसाव्या वर्षी शिकावयास घेतली, तर ती येतच नाही असे नाही. व्यवहार उत्तम चालतो, पण उच्चारात परकेपणा राहून जातो. दृष्टीचेही तसेच आहे. लवकर मिळाली तर ती मातृभाषा होते. उशिरा मिळाली तर शिकलेली भाषा होते. पण शिकलेली भाषा ही मुकेपणापेक्षा कितीतरी बरी.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, घाई. दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बालकावर शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांच्या आसपास व्हावी आणि एकाच डोळ्यात असेल तर सुमारे सहा आठवड्यांच्या आत व्हावी, असे नेत्रवैद्य सांगतात. एकाच डोळ्याला घाई अधिक, याचे कारण मांजरीच्या पिल्लांनी सांगितलेच आहे. चांगला डोळा मेंदूत त्याची जागा बळकावतो. तेव्हा बाळाची बाहुली पांढरट दिसणे, दोन-तीन महिन्यांनीही त्याची नजर आईच्या चेहऱ्यावर न ठरणे, डोळे सतत लकलकणे, तिरळेपणा, यांपैकी काही दिसले तर दृष्ट लागली म्हणून उतरवीत बसू नये. त्याच आठवड्यात नेत्रवैद्यांकडे जावे. बाहुलीतील पांढरेपणा क्वचित डोळ्यातील कर्करोगाचाही असतो आणि तेथे तर जिवाचाच प्रश्न येतो.

दुसरी गोष्ट, आळशी डोळा. एका डोळ्याचा नंबर फार निराळा असेल किंवा तो तिरळा असेल, तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. मूल तक्रार करीत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे सर्व भागते. वर्गात अशी मुले शिक्षकांच्याही लक्षात येत नाहीत. लहान वयात चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज ठरावीक वेळ पट्टीने झाकून हा दोष पुष्कळ अंशी सुधारता येतो. म्हणून शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा एकेक डोळा झाकून तपासणी करून घ्यावी.

तिसरी गोष्ट, प्रतिबंध. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत मातेला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर झाला, तर बालकास जन्मजात मोतीबिंदू होऊ शकतो. सरकारने २०१७ सालापासून गोवर-रुबेला लस देण्यास सुरुवात केली. नऊ ते बारा महिने आणि सोळा ते चोवीस महिने या वयांत तिचे दोन डोस असतात. ही लस मुलगा असो वा मुलगी, कोणाचीही चुकवू नये. जवळच्या नात्यात लग्न हाही एक विषय आहे. आमच्याकडे चुलत-मावस भावंडांत, तुमच्याकडे मामाच्या मुलीशी. चाल निराळी, रक्ताचे गणित एकच. घराण्यात जन्मजात नेत्रदोष असेल, तर अशा सोयरिकीत तो संततीत उतरण्याचा धोका वाढतो. हे सांगणे काहींना रुचणार नाही, परंतु वैद्यकाचा सल्ला घेतल्याने कोणाचा मान कमी होत नाही.

चौथी गोष्ट आपल्या ट्रस्टसाठी. वृद्धांचा मोतीबिंदू जागा बधिर करून काढता येतो. म्हणून शिबिरात त्यांची सोय होते. लहान मुलास पूर्ण भूल द्यावी लागते. त्यासाठी बालकांना भूल देणारे तज्ज्ञ आणि सुसज्ज रुग्णालय लागते. यामुळे मुले शिबिराच्या यादीतून गळतात. त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था हवी. शिबिरात मुलांची तपासणी स्वतंत्रपणे व्हावी, सापडलेल्या मुलास मोठ्या रुग्णालयात पोहोचविण्याचा आणि सोबत जाणाऱ्या आईच्या बुडालेल्या मजुरीचा खर्च ट्रस्टने उचलावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ सालापासून अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते. त्या पथकाशीही संबंध ठेवावा. आणि शस्त्रक्रिया झाली की काम संपले, असे मानू नये. चष्मा टिकतो की नाही, मूल ठरलेल्या तारखांना दाखविले जाते की नाही, शाळेत जाते की नाही, हे निदान दोन वर्षे पाहावे. वस्तू हातात देऊन, हालवून दाखवून, नाव सांगून शिकविण्याचे काम घरच्यांचे आणि शिक्षकांचे आहे. एस. बी. यांना डोळा मिळाला, पण तो वापरावयास शिकविणारे कोणी मिळाले नाही, हे विसरू नये.

शेवटी एकच सांगावेसे वाटते. एखादे जन्मांध मूल मोठे झालेले असेल, दहाचे असो वा सोळाचे, तरी नेत्रवैद्यांस दाखविल्यावाचून आशा सोडू नये. प्रत्येक अंधत्व बरे होते असे नाही आणि उशिरा आलेली दृष्टी पूर्ण स्वच्छ होते असेही नाही. पण वाट स्वतः चालता येणे, ताटातील भाकरी दिसणे आणि आईचा चेहरा ओळखता येणे, याचे मोल ज्याला ते मिळाले नाही त्यालाच विचारावे. अशा मुलाला पाहून कोणी पूर्वकर्म म्हणतो, कोणी तकदीर म्हणतो. बाहुलीआडचा तो पांढरा पडदा मात्र यांपैकी कशानेही विणलेला नसतो आणि तो काढणारे हात आज आपल्या देशात आहेत. ते हात आणि ते मूल यांच्यामधील अंतर तोडणे हे ट्रस्टचे, म्हणजे तुमचे-आमचे काम आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या परिसरातील एकही बालक केवळ कोणी पाहिले नाही म्हणून अंधारात राहणार नाही, असा निश्चय आपण सर्वांनी करावा, ही विनंती.